चुकलेलं रीळ: भुताचे, पडलेले आणि 'इतके वाईट की भारी' पिक्चर लोकांना का आवडतात

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सोलापुरातल्या एका टॉकीजमध्ये आम्ही भुताचा पिक्चर बघत होतो. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात सैतान मेला. छातीत त्रिशूळ, सगळीकडे धूर, मंदिराच्या पायरीवर हिरोईनचा बाप रडतोय. आणि पुढच्याच क्षणी तोच सैतान ठणठणीत, दार फोडून आत येतोय.

झालं होतं असं की ऑपरेटरने रिळं उलटसुलट लावली होती. त्या काळी पिक्चर पत्र्याच्या गोल डब्यांतून यायचा. एक रीळ साधारण दहा मिनिटांचं, पूर्ण पिक्चरची पंधरा-सोळा रिळं. दोन प्रोजेक्टरवर आळीपाळीने चढवायची. एक डबा चुकला की मेलेला माणूस जिवंत होणार. पण मला आजही आठवतो तो थिएटरमधला प्रतिसाद. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी खुर्ची आपटली नाही. मागून एक आवाज आला, "मेला नव्हता बे, सोंग केलं होतं." सगळ्यांना ते पटलं आणि पिक्चर पुढे चालू राहिला.

माझी भाची पुण्यात शिकते. मध्यंतरी तिने फोन करून विचारलं, "मामा, ते 'सो बॅड इट्स गुड' पिक्चर असतात ना, तुम्ही तर खूप बघितलेत. मुळात वाईट पिक्चर माणसाला आवडतोच कसा?" प्रश्न साधा वाटतो, पण उलगडायला गेलं की त्यात तीन वेगळ्या गोष्टी निघतात. लोक त्यांची सरमिसळ करतात, म्हणून आधी त्या सुट्या करतो.

भयपट हा प्रकार आहे, जसा विनोदी किंवा पौराणिक. तो उत्तम असू शकतो, टाकाऊ असू शकतो. 'कल्ट' हा प्रकार नाही, ते पिक्चरचं आणि प्रेक्षकांचं नातं आहे. मूळ शब्दाचा अर्थ पूजा, पंथ. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, म्हणून मला वारीच आठवते. वारीला निघालेला माणूस यंदा नवीन काय आहे असं विचारत नाही. वाट तीच, अभंग तेच, आणि ते तेच आहेत म्हणून तर जायचं. कल्ट पिक्चर लोक तसा बघतात. आणि 'इतका वाईट की भारी' हा तिसरा भाग, तो सगळ्यात अवघड. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी भीती. पैसे देऊन घाबरायला का जायचं?

आमच्याकडची शेंगा चटणी पहिल्यांदा खाणारा पाहुणा बघा. डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, आणि हात पुन्हा चटणीकडेच. पॉल रोझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याचाच अभ्यास केला. लहान मुलाला तिखट नको असतं, मग मोठेपणी तेच का लागतं? त्याचं म्हणणं असं, की तिखटाने जीभ 'जळतंय' म्हणून ओरडत असते, पण मनाला पक्कं ठाऊक असतं की काही जळत नाहीये. शरीर फसलंय आणि आपण फसलेलो नाही, यातच गंमत आहे. भुताच्या पिक्चरचंही तेच. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, पण बूड खुर्चीवर आणि खिशात अर्धं तिकीट. दृश्य संपलं तरी धडधड लगेच थांबत नाही. सुटकेचा आनंद त्या धडधडीवर स्वार होऊन येतो, म्हणून तो नेहमीच्या आनंदापेक्षा मोठा वाटतो. थिएटरात किंकाळीनंतर हमखास हसू फुटतं ते यामुळे.

दचकवण्याचं तंत्र तर ऐंशी वर्षांहून जुनं आहे. १९४२ च्या 'कॅट पीपल' या पिक्चरमध्ये एक बाई रात्री एकटी चाललीये. मागे कुणीतरी आहे असं तिला वाटतं, आपल्यालाही वाटतं. शांतता ताणत नेलीये. आणि एकदम फुस्स करून मोठा आवाज होतो. ती निघते बस, स्टॉपवर येऊन थांबलेली! त्या पिक्चरचा निर्माता व्हॅल ल्यूटन. त्याच्या नावावरून या युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. खिडकीतून मांजर उडी मारतं, मित्र खांद्यावर हात ठेवतो, हे सगळे त्याच बसचे प्रवासी.

यात एक गोष्ट खास लक्षात घेण्यासारखी आहे. बस दाखवायला पैसे लागत नाहीत. भीती हा स्वस्तात होणारा मोजका माल आहे, कारण न दाखवलेलं दाखवलेल्यापेक्षा जास्त काम करतं. १९७५ च्या 'जॉज'मध्ये यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो दडवावा लागला, आणि दडवला म्हणून लोक पाण्यात उतरायला घाबरले. १९६० च्या 'सायको'मध्ये न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. कृष्णधवल पिक्चर, कुणाला कळणार? खिसा रिकामा असलेला माणूस भयपटाकडे वळतो, याचं कारण हे.

आपल्याकडे वळले ते रामसे. फतेहचंद रामसे कराचीहून आलेले, मुंबईत त्यांचं रेडिओचं दुकान. सात मुलगे. १९७० मध्ये त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला आणि तो पडला. पण मुलांनी टॉकीजमध्ये बसून एक गोष्ट टिपली. पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या प्रसंगाला लोक सरसावून बसतात. मग ठरलं, अख्खा पिक्चरच तसा करायचा. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' हे कुटुंब महाबळेश्वरला मुक्काम टाकून करून आलं. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, दोघे दिग्दर्शनाला, घरच्या बायका स्वयंपाकाला. सोलापूरकराला यात नवल वाटणार नाही. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या घरांत असंच चालायचं. बाप मागावर, थोरला जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्तीचं, काम बघतो, आई कांड्या भरते, धाकटा शाळेतून आला की टॉवेलच्या घड्या घालतो. रामसेंचा पिक्चर मला नेहमी असा घरात विणलेला माल वाटत आला. कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ दिसतीये, पण रंग पक्का.

१९८४ च्या 'पुराना मंदिर'ने त्यांना तुफान यश दिलं. त्यातला सैतान सामरी साकारणारे अनिरुद्ध अगरवाल हे शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. उंची भलतीच आणि चेहऱ्याची ठेवण अशी की मेकअपला फार काही करावं लागू नये. मी सामरीला पहिल्यांदा पाहिलं ते गणपतीत. मंडळाने व्हीसीआर भाड्याने आणला होता. रात्रभराचं भाडं, तीन कॅसेटी, रस्त्यावर टेबल आणि त्यावर रंगीत टीव्ही. समोर पोत्यांवर पोरं, मागे पायऱ्यांवर बायका, त्याच्याही मागे रात्रपाळी चुकवून आलेले दोघे-चौघे. सामरीचे डोळे पहिल्यांदा लाल झाले तेव्हा चित्राला मुंग्या आल्या, पट्टे फिरले. हेड घाण झालं होतं. एकाने झाकण उघडलं, स्पिरिटचा बोळा फिरवला. त्या पाच मिनिटांत एकही पोरगं जागचं हललं नाही. उठून घरी जायचं म्हणजे अंधारा बोळ ओलांडायचा होता.

मराठीत ही जागा भरली ती महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने, १९९३ मध्ये. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, लक्ष्मीकांत बेर्डे. बीज १९८८ च्या अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'चं, हे उघड आहे. पण गावातला हवालदार, आई, बोलक्या बाहुल्यांचे खेळ हे सगळं इथलं होतं, म्हणून तो इथलाच झाला. बाहुला का भिववतो, याचं एक स्पष्टीकरण जपानी रोबोटशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलं. एखादी वस्तू माणसासारखी दिसायला लागली की आपल्याला आवडते, आणखी माणसासारखी झाली की आणखी आवडते. पण अगदी माणसाजवळ येऊन थोडीशी कमी पडली की आवड धाडकन खाली पडते आणि शिसारी येते. प्रेताकडे बघताना येते तशी. तात्या विंचूचे डोळे फिरतात, ओठ हलतात आणि गाल मात्र लाकडाचेच राहतात. तो त्या खड्ड्याच्या बरोबर तळाशी उभा आहे. पिक्चर विनोदी असूनही माझ्या पिढीच्या पोरांनी घरातल्या बाहुल्या कपाटात उलट्या करून ठेवल्या.

आता तिसरा, अवघड भाग.

जगातला सगळ्यात वाईट पिक्चर म्हणून ज्याचं नाव सर्रास घेतलं जातं तो म्हणजे एड वुड यांचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'. १९८० मध्ये मेडव्हेड बंधूंनी आपल्या पुस्तकात त्याला तो किताब दिला. त्याची कहाणी मी कितीदा वाचली तरी मला गलबलून येतं. बेला लुगोसी, एकेकाळचा जगप्रसिद्ध ड्रॅक्युला, शेवटी व्यसनाने आणि बेकारीने खंगलेला. वुड यांनी त्याचं थोडंसं चित्रण केलं होतं आणि १९५६ मध्ये तो वारला. दुसऱ्या कुणी तो तुकडा फेकून दिला असता. वुड यांनी त्या थोडक्या फुटांभोवती अख्खा पिक्चर रचला. उरलेल्या प्रसंगांत लुगोसीच्या जागी बायकोच्या ओळखीचा एक कायरोप्रॅक्टर उभा केला, म्हणजे मणके-सांधे बसवणारा माणूस. तो लुगोसीपेक्षा उंच होता, चेहराही जुळत नव्हता. म्हणून तो पूर्ण पिक्चरभर झग्याची कड तोंडावर धरून फिरतो.

हे बघताना आपल्याला हसू येतं. पण नेमकं कशाचं? तो झगा दिसतो, त्यामागचा माणूस दिसतो, आणि त्याच्याही मागे कॅमेऱ्यापाशी उभा असलेला, 'चालतंय, कुणाला कळणार नाही' असं मनापासून मानणारा दिग्दर्शक दिसतो. चांगला पिक्चर आपल्याला बनवणाऱ्याचा विसर पाडतो. असा फसलेला पिक्चर बनवणाऱ्याला आपल्यासमोर उघडा करतो, त्याच्या हट्टासकट, त्याच्या गरिबीसकट. अमेरिकन लेखिका सुसान सॉन्टॅग यांनी १९६४ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात याच्या मुळाशी बोट ठेवलं होतं. त्यांच्या मते खरी मजा अजाणतेपणी घडलेल्या गोष्टीत असते, जिथे गांभीर्य पूर्ण होतं आणि ते फसलं.

म्हणून मुद्दाम वाईट केलेला पिक्चर मला बघवत नाही. शार्क वादळातून उडतात वगैरे जे हल्ली ठरवून काढतात, त्यात डोळा मारणारा माणूस सतत शेजारी बसल्यासारखा वाटतो. आणि नुसता कंटाळवाणा पिक्चर तर या यादीत कधीच येत नाही, कारण त्यात कुणी काही पणालाच लावलेलं नसतं. इतका वाईट की भारी व्हायला झेप मोठी लागते आणि पडणंही मोठं लागतं. २००३ च्या 'द रूम'मध्ये टॉमी वायझोला कुटुंबात, प्रेमात झालेल्या विश्वासघाताची महान शोकांतिका करायची होती. त्याच्या सेटवर फोटोफ्रेममध्ये चमच्याचं चित्र तसंच राहून गेलं, आणि आजही अमेरिकेत त्याचे खेळ लागतात तेव्हा ती फ्रेम दिसली की प्रेक्षक पडद्याकडे प्लास्टिकचे चमचे उधळतात.

इथे मला माझं खरं म्हणणं मांडायचं आहे. 'इतका वाईट की भारी' हे बाहेरून बघणाऱ्याचं वाक्य आहे.

नव्वदच्या दशकात मिथुन चक्रवर्ती यांनी उटीला तळ ठोकून एकापाठोपाठ एक कमी खर्चाचे पिक्चर केले. हिशेब सरळ होता. चित्रीकरण एकाच ठिकाणी, थोड्या दिवसांत, आणि विक्री छोट्या गावांच्या टॉकीजना. मोठ्या शहरातल्या समीक्षकासाठी ते नव्हतेच. ते गिरणीतून, मागावरून, रिक्षावरून उतरलेल्या माणसासाठी होते, ज्याला दुपारच्या खेळाला पंख्याखाली तीन तास बसायचं होतं आणि ज्याच्यावर अन्याय झालाय असा हिरो शेवटी जिंकलेला बघायचा होता. १९९८ चा कांती शाह यांचा 'गुंडा' त्याच बाजाराचा. त्यातले खलनायक यमकात स्वतःची ओळख करून देतात. पुढे इंटरनेटवर इंजिनिअरिंगच्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि तो कल्ट झाला. त्यातल्या यमकांना मीही हसतो. पण बायकांवरच्या अत्याचाराचे त्यातले प्रसंग आणि ती घाण भाषा मला तेव्हाही खटकली होती, आताही खटकते. कल्ट झाला म्हणून ते धुतलं जात नाही.

आमच्याकडे तेलुगू पिक्चरही लागायचे, कारण पूर्व भागात घरोघर तेलुगू. २००३ च्या 'पलनाटि ब्रह्मनायुडु'मध्ये बालकृष्ण मांडीवर थाप मारतात आणि रेल्वे मागे जाते. तो तुकडा आज मोबाईलवर हसण्यासाठी फिरतो. पण रेल्वेला मागे जाताना बघून खुर्चीवर उभे राहिलेले लोक मी पाहिलेत. ते पदार्थविज्ञान विसरले नव्हते. कीर्तनात बुवा सांगतात, भिंत चालली, रेडा वेद बोलला, तेव्हा कुणी विटांचं वजन विचारत नाही. तीच नजर घेऊन ते आले होते. त्या नजरेला तो पिक्चर वाईट नव्हताच. वाईट तो नजर बदलल्यावर झाला.

आणि कल्ट कोण बनवतं? निर्मात्याला ते जमत नाही, हे शंभर उदाहरणांनी दिसतं. त्याला लागतो सहज हाताशी असलेला पिक्चर, आणि तो पुन्हा पुन्हा एकत्र बघणारी माणसं. जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' घ्या. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर मालकी हक्काची ओळ टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे हक्कच गेला, पिक्चर सगळ्यांचा झाला. कुणीही दाखवावा, कुणीही कॅसेट विकावी. रोमेरोंचं मोठं नुकसान झालं, पण चालत्या प्रेतांचा पिक्चर घराघरांत पोचला. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५ मध्ये पडला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका थिएटरने तो मध्यरात्री लावायला सुरुवात केली, लोक पात्रांचे कपडे घालून येऊ लागले, पडद्याला उलट उत्तरं देऊ लागले. आपल्याकडे 'अंदाज अपना अपना' १९९४ मध्ये फारसा चालला नाही, केबलवाल्यांनी आणि कॅसेटींनी त्याला मोठं केलं. 'अशी ही बनवाबनवी' मात्र १९८८ मध्येच गाजला होता, तरी तोही कल्टच, कारण आज लग्नाच्या पंगतीत कुणी इस्राईलच्या औषधाचं नाव काढलं की चार अनोळखी माणसं एकदम हसतात. ती हसली की ओळख झालीच.

अलीकडचा 'तुंबाड' मी दोनदा थिएटरात पाहिला. नारायण धारपांच्या कथेतून ज्याची ठिणगी पडली, जो करायला राही अनिल बर्वे यांना वर्षानुवर्षं लागली, तो २०१८ मध्ये आला तेव्हा हॉलमध्ये आम्ही मोजके होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पोरं गटागटाने आली होती, आणि देवीच्या गर्भात पिठाची बाहुली घेऊन उतरताना काय होणार हे त्यांना पाठ होतं. माहीत असूनही ती श्वास रोखून बसली. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला त्याने जास्त गल्ला जमवला. तसाच २०१७ चा 'लपाछपी'. उसाच्या फडातली भीती. पुण्यामुंबईत तो नुसता चांगला भयपट आहे. आमच्या जिल्ह्यात, जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस उभा असतो आणि रात्री मोटारसायकलच्या उजेडात तो सळसळतो, तिथे तो घरी आल्यावरही संपत नाही.

आमच्या गल्लीत एक अक्का आहेत. आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा, दोरा, कात्री. दिवसाला हजार विडी. १९९३ मध्ये झी टीव्हीवर रामसेंचा 'हॉरर शो' सुरू झाला तेव्हा गल्लीतली पोरं त्यांच्याकडे जमायची. अक्कांची नजर टीव्हीवर आणि बोटं सुपात. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. दय्यम, म्हणजे तेलुगूतलं भूत, येणार असलं की आम्हाला आधी त्यांच्या बोटांवरून कळायचं. बोटं थांबली की आम्ही डोळे मिटायचो.

मागच्या महिन्यात भाची आली होती. तिला घेऊन अक्कांकडे गेलो आणि मोबाईलवर १९७८ चा 'जगन्मोहिनी' लावला. बी. विठ्ठलाचार्य यांचा. मूळचे कर्नाटकातले, तेलुगूत त्यांनी राजा-राक्षस-चेटकिणींचे ढीगभर पिक्चर केले, थोडक्या पैशांत आणि साध्या कॅमेऱ्याच्या करामतींनी. त्यात भूत असलेली बाई स्वयंपाकाला बसते आणि सरपणाऐवजी स्वतःचा पाय चुलीत घालते. पाय पेटतो, वर अन्न शिजतंय. भाची खो खो हसली. "मामा, हेच ते! इतकं वाईट की भारी!"

अक्कांनी चष्मा पुसला, मोबाईल जवळ घेतला आणि तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर म्हणाल्या, "लाकडं संपली असतील गं. घरात माणसं जेवायला बसलीत. काय करेल बाई?"

भाचीने तो प्रसंग तिसऱ्यांदा लावला.